ठाणे, गावठाण, देऊळ, पाखंड: शब्दाचं मूळ कसं तपासायचं

ठाण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "ठाणे हे नाव श्रीस्थानकवरून आलं, की इथे पूर्वी लष्कराचं ठाणं होतं म्हणून पडलं? पोलीस ठाण्यातलं ठाणे तेच का? आणि गावांच्या, देवांच्या, सणांच्या नावांची जी व्युत्पत्ती मोबाइलवर फिरत असते, तिच्यातली खरी कुठली हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?"

आधी सरळ उत्तर. शहराचं नाव 'स्थानक' या शब्दाचंच मराठी रूप आहे. पोलीस ठाण्यातलं ठाणेही मुळात तेच. पण शहराचं नाव चौकीवरून पडलेलं नाही आणि चौकीला शहरावरून नाव मिळालेलं नाही. एका शब्दाच्या या दोन वेगळ्या वाटा आहेत. हे इतक्या खात्रीने का म्हणता येतं, ते नीट पाहिलं की बाकीच्या शब्दांसाठी लागणारी रीत हाती येते, म्हणून या एका नावावर जरा जास्त थांबतो.

पहिला पुरावा लिखित रूपाचा. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यापाशी खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. त्याचं वर्ष शक ९३९, म्हणजे इ.स. १०१७. त्यात या नगराचं नाव श्रीस्थानक असं आहे. 'श्री' हा मानाचा, नाव 'स्थानक'. मात्र त्याच काळात, १०३० च्या सुमारास, अरबीत लिहिणारा विद्वान अल्बेरुनी कोकणच्या राजधानीचं नाव 'ताना' असं लिहितो. अरबी लिपीत ठ लिहायची सोय नाही, त्यामुळे त्याने ऐकलेला वर्ण ठ की थ हे त्याच्या लेखनावरून ठरत नाही. पण सुरुवातीचा स् गेलेला आहे, हे स्पष्ट दिसतं. म्हणजे ताम्रपटात 'स्थानक' कोरलं जात होतं तेव्हा लोकांच्या तोंडी आजच्या जवळचंच रूप होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोही 'ताना'च लिहितो. राजाचा लेखक संस्कृतात लिहितो आणि बाजार प्राकृतात बोलतो, ही स्थिती त्या काळी सगळीकडे होती. त्यामुळे ताम्रपटातलं रूप दिसलं की लगेच 'हे आधीचं आणि आजचं हे बिघडलेलं' असं मानू नये. कधी कधी लेखक स्थानिक नावालाच संस्कृत पेहराव चढवतो, आणि तो पेहराव पुढे मूळ समजला जातो.

दुसरा पुरावा ध्वनींचा, आणि तो जास्त निर्णायक. स्थानकम् पासून ठाणे व्हायला तीन बदल लागतात आणि तिन्ही बदल इतर शब्दांतही तसेच दिसायला हवेत. एकाच शब्दापुरता केलेला नियम हा नियम नसतो.

स्थ चा ठ: 'उत् + स्था' पासून उठणे. स्वरांमधल्या एकट्या न चा ण: पानीय–पाणी, जन–जण. हिंदीत हा बदल टिकला नाही, म्हणून तिकडे पानी आणि थाना. आपल्याकडे पाणी आणि ठाणे. आता तिसरा बदल पाहा, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. नुसत्या 'स्थानम्'चं मराठीत 'ठाण' होतं. गावठाणातलं ठाण ते हेच, ग्रामस्थान. शेवटी ए यायला मुळात क हवा. 'नाणक' शब्दाचं नाणे झालं तसंच 'स्थानक'चं ठाणे. क गळतो, उरलेले दोन स्वर एकत्र येतात आणि जुन्या मराठीत ठाणें, नाणें अशी अनुस्वारासह नपुंसकलिंगी रूपं तयार होतात. म्हणजे ताम्रपट सापडला नसता तरी 'ठाणे' या शब्दाच्या शेवटच्या ए वरून मुळात 'क' होता असा अंदाज बांधता आला असता. ध्वनींचं गणित आणि कोरीव लेख असे एकमेकांना येऊन मिळाले की व्युत्पत्ती पक्की समजायची.

तिसरा पुरावा अर्थाचा. स्थानक म्हणजे उभं राहण्याची, वस्तीची, मुक्कामाची जागा. त्यातून एका बाजूला नगराचं नाव झालं. दुसऱ्या बाजूला फौजेचा मुक्काम असा अर्थ रुळला. मराठेशाहीच्या कागदांत ठाणे बसवणे, ठाणे घेणे, ठाणेदार हे नेहमीचे शब्द आहेत. त्या अर्थावरून ब्रिटिश काळात पोलिसांच्या चौकीला ठाणे म्हणू लागले. शहराचं नाव अकराव्या शतकात लिहिलेलं आहे, पोलिसांची व्यवस्था एकोणिसाव्या शतकातली. काळाचा क्रम मांडला की 'चौकीवरून शहर' हे म्हणणं टिकत नाही.

या शब्दाचं गोत मोठं आहे. रेल्वेसाठी 'स्थानक' हा शब्द आपण पुन्हा संस्कृतातून उचलला, त्यामुळे 'ठाणे स्थानक' या पाटीवर एकच शब्द दोन वयांत उभा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली आणि लोक 'टेशन' म्हणू लागले. तो इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, तो आणि आपला 'स्था' हे दोघे एकाच आद्य धातूपासून निघालेले. कब्रस्तानातलं फारसी 'स्तान' तेच. 'हिंदुस्तान'चं आपण 'हिंदुस्थान' केलं, कारण मराठी कानाला ते नातं जाणवलं. देवस्थान, संस्थान, स्थानबद्ध हे तर उघडच आहेत. नवी मुंबईत गावठाण हा शब्द लोकांच्या जिवाभावाचा आहे. १९७० साली सिडको आली आणि शेतं, मिठागरं गेली, पण गावठाणाची हद्द हा आजही रोजच्या बोलण्याचा विषय आहे. त्या शब्दातलं 'ठाण' आणि जिल्ह्याचं नाव एकाच शब्दाची दोन रूपं आहेत.

आता आसपासची नावं. इथे शेवटचा भाग आधी सोडवायचा, पहिला नंतर. शेवटचा भाग शेकडो गावांत सारखा असतो, म्हणून तो तपासता येतो. पहिला भाग एकट्या गावाचा असतो.

नौपाडा, मानपाडा, सानपाडा यांतला पाडा हा 'पाटक'पासून: गावाचा एक भाग, तुटक वस्ती. ट चा ड झाला (घट–घडा, कपाट–कवाड), क गळाला आणि पुल्लिंगी आ राहिला, जसा घोटक–घोडा. कोलशेत, कुकशेत यांतलं शेत 'क्षेत्र'पासून. क्ष चा श किंवा स होणं ही मराठीची खास खूण आहे: मक्षिका–माशी, कुक्षि–कूस, इक्षु–ऊस. पण त्याच क्ष चा ख सुद्धा होतो: क्षीर–खीर, क्षार–खार. खारीगाव, खारफुटी, खारजमीन ही सगळी त्या क्षाराची. म्हणजे एका संस्कृत ध्वनीला मराठीत दोन वाटा आहेत. 'क्ष चा खच व्हायला हवा' असा हट्ट धरून कुणी शेत–क्षेत्र नाकारलं तर ते चूक.

डोंबिवली, बोरिवली, कांदिवली, तळवली यांतलं वली म्हणजे 'पल्ली', वस्ती. स्वरानंतर आलेल्या प चा व होतो: दीप–दिवा, कपाट–कवाड, मण्डप–मांडव. आधी अ असेल तर अ आणि व मिळून ओ होऊ शकतो, लवणचं लोण झालं तसा. ऐरोली, घणसोली यांतली ओली ती हीच. इथे कुणी म्हणेल की वली हे 'आवली' म्हणजे ओळ, रांग यावरून का नसेल? त्यासाठी एक चांगली चाचणी आहे. मराठीत स्वरांमधल्या एकट्या ल चा ळ होतो, जोड ल्ल चा मात्र साधा ल राहतो. फल–फळ, मूल–मूळ, पण फुल्ल–फूल. 'काल' म्हणजे समय त्याचा काळ झाला. 'कल्य'चं कल्ल होऊन 'काल', म्हणजे आजच्या आधीचा दिवस, झाला. दीपावलीतला ल एकटा, म्हणून दिवाळी. वलीतला ल ळ झालेला नाही, म्हणजे मागे जोड ल्ल असला पाहिजे: पल्ली.

पण ही चाचणी ठाणे–नवी मुंबईत आंधळेपणाने लावायची नाही, आणि याचं कारण बोलीत आहे. आगरी–कोळी बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो आणि शब्दामधल्या ड चा अनेकदा र होतो. तळं तिथे 'तलं' होतं, पाणी 'पानी', गाडी 'गारी'. मग इथल्या वलीमधला ल मुळातला कशावरून, मुळात ळ असून बोलीने तो ल केलेला नसेल कशावरून? उत्तर शोधायला ही बोली जिथे नाही तिथे जायचं. सिंधुदुर्गात ळ शाबूत आहे आणि तिथलं गाव कणकवली आहे, कणकवळी नाही. म्हणून पल्लीच. स्थानिक नाव तपासताना असं बोलीबाहेरचं एखादं उदाहरण शोधावं. ते सापडलं नाही तर निष्कर्ष थोडा राखून लिहावा.

याच बोलीमुळे आणखी एक घोळ होतो. बाहेरून आलेला कारकून गावकऱ्याच्या तोंडचं 'पारा' ऐकून 'पाडा' लिहितो, ते बरोबर ठरतं. पण त्याच सवयीने तो मुळातल्या र चाही ड करून ठेवतो. ल ऐकला की 'शुद्ध' म्हणून ळ लिहितो. मग सातबारा एक म्हणतो, रेल्वेची पाटी दुसरं, आणि गावातली म्हातारी माणसं तिसरंच. तिन्ही टिपून ठेवावीत. सामान्यरूपही विचारावं: कळवा–कळव्याला, ठाणे–ठाण्याला. नाव पुल्लिंगी आ चं की नपुंसकलिंगी ए चं, हे त्यावरून कळतं आणि लिंगावरून मूळ प्रत्यय.

संख्येवरून सांगितलेल्या व्युत्पत्तींना मात्र नेहमी अडवून विचारावं. नौपाडा म्हणजे नऊ पाडे की नवा पाडा? ध्वनीच्या बाजूने दोन्ही बसतात. जुना कागद मिळाल्याशिवाय एकाची निवड करता येत नाही, आणि ज्याने ती ठामपणे केली आहे त्याच्याकडे तो कागद मागावा. उलट साष्टीचं पाहा. ठाणे ज्या बेटावर आहे त्या बेटाला साष्टी का म्हणतात? सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून. हे ऐकायला दंतकथेसारखं वाटतं, पण शिलाहारांच्या लेखांत 'षट्षष्टि' असं विषयाचं, म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागाचं, नाव स्पष्ट आहे, आणि षट्षष्टि–सासष्टी–साष्टी ही साखळीही नियमात बसते. पोर्तुगिजांनी त्याचं साल्सेत केलं, इंग्रजांनी सॅल्सेट. मधला ल त्यांचा आहे, आपला नाही. परकी स्पेलिंग व्युत्पत्तीला फार फसवतात. 'शीव' म्हणजे हद्द, सीमा–सीव–शीव, नाम–नाव आणि ग्राम–गाव यांच्याच नियमाने; 'सायन' या इंग्रजी रूपावरून तिचं मूळ शोधायला गेलेला माणूस थेट जेरुसलेमला पोचतो. मुंबईच्या बाबतीत 'बॉम बाहिया', म्हणजे चांगलं बंदर, हे पोर्तुगीज मूळ अजून सांगितलं जातं. पोर्तुगिजात बाहिया स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ते 'बोआ बाहिया' व्हायला हवं होतं. मुंबादेवीच्या नावात आई मिळवून झालेलं मुंबई हे रूप साधं, सरळ आणि लोकांचं आहे.

आता धर्माचे शब्द. कुठल्याही देवळात उभं राहून आजूबाजूला नुसतं पाहिलं तरी वर सांगितलेले नियम डोळ्यांसमोर दिसतात. देऊळ हे देवकुल: क गळाला, ल चा ळ झाला. राजकुलचं राऊळ तसंच. गाभारा म्हणजे गर्भागार. र्भ चा ब्भ, मग आधीचा स्वर लांबवून भ. सप्त–सात, हस्त–हात, कर्म–काम यांत हाच स्वर लांबतो. समोरचा मांडव म्हणजे मण्डप, वरचा कळस म्हणजे कलश, पुढ्यातली पोथी म्हणजे पुस्तिका, बाहेरची जत्रा म्हणजे यात्रा. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की यातल्या अनेक शब्दांचे संस्कृत जुळेही आपण वापरतो. यात्रा आणि जत्रा, क्षेत्र आणि शेत, गर्भ आणि गाभा. घासून झालेलं रूप घरातलं, शेतातलं, बाजारातलं. संस्कृत रूप ग्रंथातलं, विधीतलं. काशीची यात्रा होते आणि गावदेवीची जत्रा भरते. दोन्ही रूपं एकाच काळी जिवंत असतात आणि त्यांनी आपसांत काम वाटून घेतलेलं असतं.

सगळ्यांच्या तोंडी असलेला आणि फार कमी जणांनी उलगडून पाहिलेला शब्द म्हणजे पसायदान. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० ची. प्रसाद–पसाअ–पसाय: प्र मधला र गेला, स्वरांमधला द गळाला आणि मोकळ्या जागेत य आला, पाद–पाय सारखा. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, कृपा. म्हणून पसायदान म्हणजे कृपेचं दान. पसाभर धान्याशी त्याचा संबंध जोडू नये. 'पसा' हा 'प्रसृत' म्हणजे पसरलेल्या ओंजळीचा वेगळा शब्द आहे. दोन शब्द घासून घासून एकमेकांसारखे झाले की लोक त्यांना एक मानतात. व्युत्पत्तीतल्या निम्म्या चुका याच जातीच्या असतात.

विठ्ठलाचं तसंच. 'विटेवर उभा म्हणून विठ्ठल' हे भक्ताच्या मनाला पटतं, आणि मूर्तीचं ध्यान तसंच आहे. पण वीट हा शब्द 'इष्टका'पासून आला आणि त्यात ट आहे. विठ्ठल, विठोबा, विठाई यांत सगळीकडे ठ आहे. हा फरक भक्तिपर व्युत्पत्ती सांगणारे सोडून देतात. रा. गो. भांडारकरांनी दाखवलेली वाट कन्नडमधून जाते. विष्णूचं कन्नड रूप बिट्टि. होयसळ राजा विष्णुवर्धन याचं दुसरं नाव बिट्टिदेव होतं. त्यावरून विठ्ठि, आणि पुढे प्रेमाचे, आदराचे प्रत्यय: ल, बा, आई. पंढरपूरच्या दैवताचा प्रदेश कन्नड आणि मराठी यांच्या सीमेवरचा आहे, 'कानडा विठ्ठल' असं संतच म्हणतात. या पार्श्वभूमीवर ही वाट जास्त पटते. विटेची कथा यामुळे खोटी पडत नाही. ती नावाचा उगम सांगत नाही, भक्ताने नावात काय पाहिलं ते सांगते.

अरबी–फारसी शब्दांना प्राकृताचे नियम लावायचे नाहीत. तिथली घडण वेगळी. अरबीत तीन व्यंजनांचा सांगाडा असतो: स-ज-द वरून सजदा म्हणजे नतमस्तक होणं, आणि आधी म लावून मस्जिद, ती जागा, मराठीत मशीद. ह-स-ल वरून हासील, तहसील, महसूल. म्हणजे तहसीलदार कचेरीच्या दारावरचे तहसील आणि महसूल हे दोन शब्द एकाच सांगाड्यावर उभे आहेत. फारसी मात्र आपल्या नात्यातली. दर्गा म्हणजे दरगाह, त्यातला 'दर' आणि आपलं दार एकाच कुळातले. नमाज हा शब्दही अरबी नाही, फारसी आहे, आणि त्याचं नातं संस्कृत 'नमस्'शी आहे. नमाज आणि नमस्कार यांच्या आरंभी एकच वाकणं आहे. उरूस म्हणजे मुळात लग्न: संताचा मृत्यू हे परमेश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचा शब्द. मलंगगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला उरूस आणि जत्रा हे शब्द सारखेच ओळखीचे असतात. त्यांच्या वाटा मात्र दोन टोकांच्या.

ठाण्यावर पोर्तुगिजांचा अंमल १७३७ पर्यंत होता. त्या काळाने नाताळ दिला (पोर्तुगिजात 'जन्माचा' या अर्थी), पाद्री, क्रूस, पाव, चावी, पगार, लिलाव, घमेलं दिलं. तुरुंग हाही पोर्तुगीज: त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, मग बंदिखाना. ठाण्याच्या त्याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. सरकारी पाटी कारागृह म्हणते, गाव तुरुंग म्हणतं.

समाजाच्या शब्दांत एक मोठं कुटुंब 'कार'चं. कुम्भकार–कुंभार, लोहकार–लोहार, सुवर्णकार–सोनार, चर्मकार–चांभार, कांस्यकार–कासार. क गळतो, आर उरतो. घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीतला कासार हाच शब्द. सोनार मधला न आणि पाणी मधला ण यांचा फरकही नियमातलाच: सुवर्णातला र्ण जोड ण्ण होतो आणि जोड ण्ण चा मराठीत न होतो, कर्ण–कान, पर्ण–पान. जातीच्या शब्दांबाबत मात्र अतिशय जबाबदारीने लिहावं. हे शब्द धंदा सांगत होते, जन्माचं मोल सांगत नव्हते. मोल समाजाने नंतर चिकटवलं. काही समाजांची नावं अपमानकारक गोष्टीवरून आली असं सांगणाऱ्या कथा जुन्या पुस्तकांतही छापलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच कथांना ना कोरीव लेखाचा आधार असतो, ना ध्वनीनियमाचा. असली व्युत्पत्ती पुढे पाठवण्याआधी तीनही पुरावे मागितलेच पाहिजेत.

आगरी हा शब्द 'आगर'वरून: मिठागर, नारळी–पोफळीचं आगर. 'आकर' म्हणजे खाण, विपुल मिळण्याची जागा, ते मागचं रूप. आणि मीठ? ते 'मृष्ट' म्हणजे स्वच्छ, रुचकर या शब्दापासून; त्याच शब्दाचं हिंदीत मीठा, म्हणजे गोड. खाडीकाठी जे पिकत होतं त्याला मराठीने रुचीचं नाव दिलं. लवणापासून आलेलं लोण मागे पडलं. एकच शब्द, दोन शेजारी भाषा, आणि अर्थ नेमके उलट. म्हातारा हाही असाच अर्थ बदललेला शब्द. कोरीव लेखांत 'महत्तर' म्हणजे गावातला मान्यवर, कारभारी. त्याचा म्हातारा झाला, आणि हुद्दा जाऊन वय उरलं. म्हात्रे हे आगरी समाजातलं आडनावही याच शब्दाशी जोडलं जातं, आणि त्यात जुना हुद्द्याचा अर्थ टिकलेला आहे.

अर्थ किती उलटू शकतो याचं सर्वांत ठळक उदाहरण पाखंड. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही पंथ. सगळ्या पासंडांनी सगळीकडे राहावं, सगळ्यांचा मान राखावा, असं तो राजा खडकावर कोरून सांगतो. त्याचे लेख आपल्या सोपाऱ्यातही सापडले: आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना, नवव्याचा १९५६ साली. (सोपारा हे शूर्पारक, र्प चा प्प, मग प.) पुढे पंथापंथांत वाद वाढले, दुसऱ्याचा पंथ तो पाषंड असं होत गेलं, आणि शेवटी पाखंडी म्हणजे ढोंगी. अशोकाची पदवी 'देवानांप्रिय' हिचं तर संस्कृत वैयाकरणांनी 'मूर्ख' असं केलं. म्हणून कुणी 'या शब्दाचा खरा अर्थ मुळात असा आहे' म्हणून आजच्या माणसाला दटावत असेल, तर त्याला पाखंड दाखवावा. मूळ हा शब्दाचा इतिहास असतो, आजच्या वापराचा हुकूम नसतो. हिंदू शब्दाचंही तेच. सिंधूचं इराणी रूप हिंदू, सप्तचं हप्त आणि सोमचं हओम झालं तसं. आधी नदी, मग प्रदेश, मग तिथले लोक, मग धर्म. 'हीन' आणि 'दूषण' जोडून केलेली फोड फार उशिराच्या ग्रंथातली आहे. ती रचणाऱ्याचा आदर्श सांगते, शब्दाचा जन्म नाही.

स्वतः तपासायचं असेल तर आधी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश उघडावा. शब्द तेव्हा कोणत्या अर्थाने चालत होता आणि तो संस्कृत, फारसी की अरबी, याची खूण तिथे असते. मग दाते–कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जुन्या अवतरणांसाठी. यादवकाळापर्यंत मागे जायचं तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. भावंडभाषांतली रूपं एकत्र पाहायला टर्नरचा तुलनात्मक कोश. त्यात ज्या रूपाआधी तारा (* ही खूण) असतो ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अंदाजाने बांधलेलं आहे, हे विसरू नये. हे चारही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश जवळ असावा, पण त्यातलं एकाच ओळीचं मूळ वरच्या नियमांवर घासून घ्यावं. शब्द संस्कृतात बसतच नसेल तर ओढूनताणून बसवू नये. कन्नड, तेलुगू शेजारी आहेत, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकातच संस्कृताशी न जुळणाऱ्या देशी शब्दांची वेगळी यादी केली होती. हे काम ठाण्यात बसून करायचं तर १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे.

गावाच्या नावासाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वाचावं. त्यातली जुनी रूपं आणि लेखांचे उल्लेख कामाचे असतात; 'लोक असं सांगतात' म्हणून दिलेली कथा मात्र कथा म्हणूनच टिपावी. प्रत्येक रूपापुढे वर्ष, लिपी आणि लिहिणाऱ्याची भाषा लिहावी, कारण पोर्तुगीज कागदातला शेवटचा म बहुधा नासिक्य स्वर दाखवतो, वसईचं 'बसाइं' तसंच, आणि इंग्रजी 'टी' ट, ठ, त, थ यांपैकी काहीही असू शकतो. शेताच्या तुकड्यांची, बांधांची, खाडीतल्या उघाड्यांची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांची, नावं कुठल्याच पाटीवर नसतात. ती जुन्या मोजणीच्या कागदांत आणि गावठाणातल्या ऐंशी वर्षांच्या माणसांच्या तोंडी असतात. जमीन गेल्यावर ती नावं वापरातून जातात, म्हणून ती आधी, त्यांच्याच उच्चारात, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.